जुन्या फोर्ड ट्रकचा कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल ओढतो

प्रश्न : माझ्या 1972 च्या फोर्ड एफ-100 वर 360 व्ही-8 इंजिन आणि मोटारक्राफ्ट 2100 कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आहे. इंजिन तापल्यावरही काळा धूर येतो, प्लग काजळीने माखतात आणि आयडल (गाडी उभी असतानाच्या मंद चालीच्या) मिश्रणाचे दोन्ही स्क्रू पूर्ण आवळले तरी इंजिन बंद पडत नाही. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) बदलावेत का?

उत्तर : कृपया जेटला इतक्यात हात लावू नका. स्क्रू बंद असूनही इंजिन चालते, याचा अर्थ पेट्रोल दुसऱ्या वाटेने आत येत आहे. गरम इंजिनावर चोकची (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी) पट्टी पूर्ण उघडते का, ते आधी पाहा. व्हेंचुरीत (हवेच्या अरुंद नळीत) थेंब गळत असतील, तर फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पातळी वाढलेली आहे किंवा पेट्रोलची आवक बंद करणारा नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

प्रश्नकर्ता : चोक उघडतो, थेंबही नाहीत, मात्र कार्ब्युरेटरच्या बुडाचे छोटे झाकण काढताच आतून पेट्रोल सांडले.

दुसरे उत्तर : मग दोष बहुधा त्या झाकणाआडच्या पॉवर व्हॉल्व्हचाच (जोर लागल्यावर जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेचा) आहे. त्याचा पडदा फाटला किंवा गॅस्केट बसले नाही, की इंजिनाचा व्हॅक्यूम (हवेची ओढ) तिथून पेट्रोल थेट खेचतो. नवा व्हॉल्व्ह गॅस्केटसह बसवा, स्क्रू हलकेच टेकवून प्रत्येकी दीड फेरा सोडा आणि व्हॅक्यूम गेजचा काटा सर्वांत वर स्थिरावेपर्यंत दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने फिरवा. काजळलेले प्लगही बदलावेत, नाहीतर सुधारणा झाली की नाही हे कळणार नाही.