मदत हवी आहे : ॲक्युपंक्चरची सुई अडकली होती, आता गाठ आलीय

वैतागलेला_विन्या
लवकर उत्तर हवंय, परवा पुन्हा जायचंय. दुखण्यासाठी ॲक्युपंक्चर सुरू केलंय. दुखणं नेहमीचंच, दिवसभर माउस धरणाऱ्या सगळ्यांना होतं ते. यावेळी सुई टोचून बराच वेळ फिरवली आणि काढायला गेले तर निघेचना. ओढली की कातडीच सुईबरोबर वर यायची. मी घामाघूम, आणि थेरपिस्ट मात्र 'ची आली, ची आली' म्हणून खूश! (ची म्हणजे चिनी वैद्यकातली जीवनशक्ती म्हणे.) शेवटी निघाली एकदाची. तेव्हा भोवती लाल झालं होतं, आता निळसर गाठ आहे आणि आत जड ठणका. नस गेली का? पुढच्या वेळी जाऊ की नको? कृपया 'तज्ज्ञांना दाखवा' सांगू नका, तज्ज्ञांनीच केलंय हे.

मीठभाकर
जाऊ नका. पैसे जास्त झाले असतील तर मला पाठवा.

काळजीवाहू_काकू
अहो, मानेखांद्याला सुया म्हणजे खेळ नाही! खांद्याच्या वरच्या बाजूला खाली लगेच फुप्फुसाचं टोक असतं. सुई खोल गेली तर आवरणाला भोक पडून हवा साठते, फुप्फुस आक्रसतं. कधी कधी काही तासांनी त्रास सुरू होतो. धाप लागतेय का? दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येतेय? येत असेल तर हे वाचत बसू नका, तडक कॅज्युअल्टी गाठा.

वैतागलेला_विन्या
मान कुठून आली मध्येच? कोपर आहे, उजवं. बाहेरची बाजू.

काळजीवाहू_काकू
मग तसं लिहायचं ना! इथे माझा जीव वरखाली झाला.

फिजिओ_सातारकर
म्हणजे टेनिस एल्बो. आता सांगा: झटका अंगठ्यापर्यंत गेला होता का? बोटं बधिर? कप उचलताना पकड सुटते? यातलं काही असेल तर नसेचा विचार करायचा. नुसता जड ठणका असेल तर तो स्नायूचा. सुई टोचली की आखडलेला स्नायू फडफडून आवळतो, ड्राय नीडलिंगमध्ये (औषधाविना नुसती सुई स्नायूत टोचणं) आम्ही हे रोज बघतो. तुमच्या स्नायूने सुई पकडली, बाकी काही नाही.

सुईवाली_नाशिक
फिजिओ, अर्धंच सांगितलंत. पकडतं ते मुख्यतः संयोजी ऊतक. त्वचेखाली कोलाजेनच्या तंतूंचा थर असतो. सुई फिरवली की टकळीवर सूत बसावं तसे ते तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लँजेविन यांनी सुई उपसायला किती जोर लागतो ते यंत्राने मोजलं, 2001 साली. एकाच दिशेला फिरवलेल्या सुईला न फिरवलेल्यापेक्षा 167 टक्के जास्त जोर लागला, आळीपाळीने दोन्हीकडे फिरवलेलीला 52 टक्के. विन्या, तुमची एकाच दिशेला फिरवत होते का?

वैतागलेला_विन्या
मी काय दिशा बघत होतो? घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत होते वाटतं. झटका नाही, बधिरपणा नाही. गाठीचं बोला ना कोणीतरी.

फिजिओ_सातारकर
नाशिक, त्वचेखालचा थर मान्य. पण मग कितीतरी सुया न फिरवताही आवळल्या जातात, त्या कशा? सुई आत असताना हात हलला की हमखास. विन्या, हात हलवला होता का?

वैतागलेला_विन्या
फोन वाजला म्हणून घेतला. त्याचा काय संबंध?

फिजिओ_सातारकर
😀 बघा. कोपर वळलं की स्नायूचे थर एकमेकांवर सरकतात आणि मधली सुई वाकते. हात आधी होता तसा ठेवून, दोन मिनिटं सैल सोडून मग काढायची.

सुईवाली_नाशिक
फोनचा मुद्दा तुमचा, मान्य. पण 'कातडी वर आली' हे लक्षण तंतू गुंडाळल्याचंच आहे. अशा वेळी ओढायचं नसतं. सुई उलट दिशेला थोडी फिरवायची, आजूबाजूला बोटाने हलकेच चोळायचं, थांबायचं. ओढली तर तंतू ताणले जातात, बारीक केशवाहिनी फुटते आणि तुमच्यासारखी निळी गाठ येते. आधीची लाली वेगळी. टोचल्यावर त्वचेतल्या मज्जातंतूंची टोकं आणि मास्ट पेशी हिस्टमीनसारखी रसायनं सोडतात, केशवाहिन्या रुंदावतात, लाल कडं उमटतं. ते आपोआप ओसरतं. गाठीला पहिल्या दिवशी बर्फ, कपड्यातून. चोळायची नाही. रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?

वैतागलेला_विन्या
विशेष काही नाही. बीपीची, आणि ॲस्पिरिन 75.

काळजीवाहू_काकू
'विशेष काही नाही' म्हणे!

सुईवाली_नाशिक
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. ॲस्पिरिनवर सुया चालतात, पण काढल्यावर कापसाने नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावं लागतं. त्यांना सांगा. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका!

पुरावा_दाखवा
जोर मोजला, छान. त्याच प्रयोगात ठरलेल्या बिंदूंवर आणि दुसरीकडे फरक किती? सरासरी 18 टक्के. म्हणजे सुई कुठेही खुपसा, ऊतक आवळणारच. जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर चाचणी झाली, 2007 साली निकाल आला. खऱ्या बिंदूंवर 47 टक्क्यांना फरक, खोट्या बिंदूंवर वरवर टोचलेल्या 44 टक्क्यांना. 'ची' कुठे गेली मग?

सुईवाली_नाशिक
आणि नेहमीच्या उपचारांवरच्या गटात 27, ते सोयीस्कर गाळलंत.

पुरावा_दाखवा
गाळलं नाही. टोचून घेतल्याचं समाधान वाटतं, एवढंच त्यातून कळतं.

चहाबाज
रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवलंय की सुई फिरवली की त्या जागी ॲडेनोसिन वाढतं आणि दुखणं दबतं. कॅफीन नेमकं ॲडेनोसिनलाच अडवतं. तेव्हा सुया घ्यायच्या दिवशी चहा बंद! मी स्वतः पाळतो, जबरदस्त फरक.

पुरावा_दाखवा
तो प्रयोग उंदरांवर होता. उंदीर चहा पीत नाहीत.

वैद्य_रानडुक्कर
सुया, उंदीर, कशाला हे सगळं? टेनिस एल्बोला अग्निकर्म. तापवलेली शलाका दुखऱ्या बिंदूवर टेकवायची, विषय संपला.

वैतागलेला_विन्या
भाजून घ्यायला आलो नाही मी इथे. परवा जाऊ की नको?

फिजिओ_सातारकर
गाठ आहे तोवर त्या जागी सुई नको. गाठ वाढत गेली, गरम लागली किंवा ताप आला तर डॉक्टर. बाकी मनगटाचा व्यायाम सुरू करा, सुईपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

सुईवाली_नाशिक
जागेबद्दल सहमत, व्यायाम-सुई तुलनेबद्दल नाही. थेरपिस्टचा नोंदणी क्रमांकही विचारा, महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे.

सोलापुरी_चादर
डॉ. कोटणीस आमच्या सोलापूरचे! त्यांनीच ही विद्या चीनमधून आणली.

पुरावा_दाखवा
कोटणीस 1942 मध्ये चीनमध्येच वारले. त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू नंतर पुन्हा चीनला जाऊन शिकून आले.

सोलापुरी_चादर
पथकात होते ना पण!

वैतागलेला_विन्या
थेरपिस्टना फोन केला. म्हणाले, दुसऱ्या हातावर टोचू. दुखतोय उजवा, टोचणार डावा?? हे काय आता?

सुईवाली_नाशिक
तशी पद्धत आहे. सविस्तर लिहिते, जेवून येते.

नवी_सून
धाग्यातच विचारते: सासूबाईंच्या गुडघ्याला सुया चालतील का? वय 71, बाकी विशेष काही नाही.

काळजीवाहू_काकू
गोळ्यांची यादी टाक आधी!