वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट: मतमोजणी कशी करावी?

टिळकवाडी_प्रेक्षक: बेळगावात आमच्या चित्रपट मंडळात १५ जण मत देणार. मराठी, कन्नड, हिंदी एकत्रच. नुसते हात वर करून निवडलं तर मतं फुटतात. समीक्षकांच्या संस्था काय करतात?

खानापूर_रोड: अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सची पद्धत घ्या. प्रत्येकाने तीन चित्रपट क्रमाने लिहायचे. गुण ३, २, १. जिंकायला सर्वाधिक गुण तर हवेतच, शिवाय निम्म्याहून अधिक मतपत्रिकांवर नाव हवं. तुमच्याकडे म्हणजे ८. समजा, एकाला ७ जणांनी पहिला क्रमांक दिला: २१ गुण, पण पत्रिका सातच. तो जिंकत नाही. दुसरी फेरी घ्या. तिथे दुसऱ्या फेरीपासून गैरहजर सदस्यांची मतं धरत नाहीत, हे फार योग्य वाटतं. चर्चा ऐकलेल्यांनीच पुढे ठरवावं.

निपाणीकर: तिन्ही नावं वेगळी नसतील तर पत्रिका बाद करा. नाहीतर लोक आवडत्याचं एकच नाव लिहून बाकीच्यांचे गुण अडवतात.

खानापूर_रोड: बरोबर. आणि तारखेचा घोळ आधी मिटवा. पुण्या-मुंबईत डिसेंबरात लागलेला सिनेमा बेळगावात उशिरा येतो. भारतातलं पहिलं प्रदर्शन १ जानेवारी ते ३१ डिसेंबर धरा, आणि मतदान फेब्रुवारीत.

टिळकवाडी_प्रेक्षक: कन्नड सिनेमे सगळ्यांनी पाहिलेले नसतात, त्याचं काय?

निपाणीकर: तिथेच अन्याय होतो. न पाहिलेल्याला मत पडत नाही. डिसेंबरातच यादी फिरवा, कमी पाहिलेले सबटायटल्ससह मंडळात दाखवा, रीतसर परवानगी घेऊन. सरासरी गुणांकडे मात्र वळू नका. तिघांनीच पाहिलेला सिनेमा वर येतो.