फवारणीचं विष: गावात शिकवत राहायचं की कायद्याच्या मागे लागायचं?

रसायनवाली, नागपूर:
काटोल तालुक्यात तीन हंगाम फवारणी सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं. पुढच्या महिन्यात ते सोडून दिल्लीला कीटकनाशकांच्या धोरणावर काम करणाऱ्या गटात जातेय. सहकारी म्हणतात, गाव सोडून कागदात चालली. मला ते पटत नाही, म्हणून इथे मांडते.

मागच्या सप्टेंबरात एका घरी गेले होते. आम्हीच वाटलेलं फवारणीचं सुरक्षा किट ओसरीत खुंटीला टांगलेलं, पिशवीची पिनसुद्धा काढलेली नव्हती. घरधनी शेतात. कपाशी छातीपर्यंत आलेली, अंगात बनियान, तोंडाला दुपट्टा, पाठीवर पंप. नोझल अडकलं तसं त्यांनी ते काढलं आणि तोंडाने फुंकलं. मी ओरडलेच. ते म्हणाले, "ताई, तो गाऊन घालून अर्ध्या तासात भोवळ येते." मी स्वतः तो घालून उन्हात उभी राहिले. दहा मिनिटांत घामाने निथळले. त्या माणसाला मी आणखी काय शिकवू?

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा राज्याने पाच कीटकनाशकांवर बंदी घातली ती 60 दिवसांची, कारण 1968 च्या कीटकनाशक कायद्याचं कलम 27 राज्याला तेवढाच हात देतं, वर वाढवून मिळाले तर फार तर 30 दिवस. त्यातलं एक मोनोक्रोटोफॉस. 2005 पासून ते भाजीपाल्यावर वापरायला मनाई होती, पण कपाशीसाठी तीच बाटली त्याच दुकानात मिळायची. बाटली घरी गेल्यावर वांग्यावर जाते की कपाशीवर, कोण बघणार? 66 कीटकनाशकं तपासायला केंद्राने समिती नेमली 2013 मध्ये. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला 2023 मध्ये. मधली दहा वर्षं मला खुपतात. तिथे रोज मागे लागणारी माणसं हवीत.

विषारी शिसं घातलेलं पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झालं. सीताबर्डीच्या चौकात उभ्या राहणाऱ्या एकालाही त्यासाठी मास्क घालायला शिकवावं लागलं नाही.

कपाशीवाला, सावनेर:
ताई, तुमचं मन साफ हाय, पण बंदीचा मार कोनाले बसते ते पाहा. गुलाबी बोंडअळीनं माह्या डोळ्यासमोर बोंडं सडली. स्वस्त औषध बंद झालं का दुकानदार महागाचं हातात देते. बंदी असलेलं कपाशीचं चोरबीटी बियाणं आमच्याकडे घरपोच येते, मंग बंदी असलेलं औषध नाही येनार? त्याच्यावर तर लेबल बी नसन.

रसायनवाली:
भाऊ, चोरट्या मालाची भीती खरी आहे. पण कीटकनाशकाला आपण दोघंही 'औषध' म्हणतो बघा. पोरगं विचारतं बाबा कुठे गेले, आई सांगते औषध मारायला. अति विषारी म्हणून लाल त्रिकोण छापलेल्या डब्याला घरात हे नाव असेल तर माझं प्रशिक्षण पहिल्या शब्दालाच हरतं.

कृषी केंद्रवाला, उमरेड रोड:
सगळं खापर आमच्यावर नको. गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, जालीम द्या. सौम्य दिलं तर पुढच्या दुकानात जातो. आणि बंदीचं कौतुक करणाऱ्यांनी श्रीलंका आठवावी. 2021 मध्ये रासायनिक खतं-कीटकनाशकं एकदम बंद केली, भात कोसळला, काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला.

रसायनवाली:
ते एका रात्रीत सगळंच बंद करणं होतं, मीही त्याच्या विरोधात आहे. त्याच श्रीलंकेने 1995 मध्ये मोनोक्रोटोफॉससारखी निवडक जहाल विषं काढली. पुढच्या वर्षांत तिथल्या आत्महत्या खूप घटल्या आणि त्या बंद्यांमुळे भाताचं पीक घसरल्याचं दिसलं नाही. निवडून काढायचं आणि बदल्यात काय ते आधी शेतकऱ्याच्या हातात द्यायचं. कामगंध सापळे, निंबोळी अर्क यांवर काम करणारी कापूस संशोधन संस्था आपल्याच वर्धा रोडवर आहे.

वॉर्डातली सिस्टर:
मी नर्स आहे. फवारणीच्या दिवसांत रात्री पेशंट येतो, तोंडातून लाळ, अंग घामाने चिंब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मोनोक्रोटोफॉसच्या जातीचं, म्हणजे ऑर्गनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू करता येतो. पण दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारलेली असतात, त्यातल्या कितीतरींवर उतारा नाही. काय मारलं विचारलं तर नातेवाईक सांगतात, "पांढऱ्या डब्यातलं." दिल्लीला जाण्याआधी त्याच कायद्याचं कलम 26 वाचा. विषबाधेची प्रत्येक घटना कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार राज्याला आहे. दिल्लीपेक्षा हे जवळचं काम. डिसेंबरात अधिवेशन इथे नागपुरातच भरतं.

रसायनवाली:
सिस्टर, कलम 27 चा हिशोब करता करता मी 26 कडे पाहिलंच नाही. नोंदी नसतील तर दिल्लीतही मी कशाच्या जोरावर बोलणार? जाणं रद्द करत नाही, पण हे काम आधी हाती घेते. सावनेरवाले भाऊ, रविवारी येऊ का? तीन हंगामांची बिलं काढून ठेवा. कोणतं औषध बंद झालं तर तुमचा खर्च कितीने वाढतो, ते तुमच्याच कागदावरून मांडते.

कपाशीवाला, सावनेर:
या, जेवाले या. पण बिलं नाही भेटनार. उधारीवर माल घेतो, दुकानदार चिठ्ठी देते. त्याच्यावर नुसता आकडा रायते, औषधाचं नाव नसते. तुमचा कायदा होईन तवा होईन. पयले हे नाव लिहाले लावा.