गरिबी खुपते की दुसऱ्याची श्रीमंती?

पायवाट (धागालेखक)

एका मित्राशी महिनाभर वाद चालू आहे. आमचं भांडून झालं, आता तुम्ही भांडा.

तो म्हणतो, आजच्या जगाचा खरा रोग विषमता. मी म्हणतो, रोग गरिबी आहे. कुणी उपाशी झोपतंय, कुणी औषधाविना तळमळतंय, कुणी मुलीचं नाव शाळेतून काढतंय, हे वाईटच. पण सगळ्यांचं नीट भागत असताना एखाद्याकडे चार विमानं असली तर माझं काय गेलं?

१९९० मध्ये जगात दर तीन माणसांमागे एकाहून जास्त अतिगरीब होता. २०१९ मध्ये, जागतिक बँकेच्या रोजच्या २.१५ डॉलरच्या रेषेने मोजलं, तर दहांत एकसुद्धा नाही. एकट्या चीनमध्ये चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी लोक अतिगरिबीतून बाहेर आले, आणि नेमक्या याच काळात तिथली विषमता वाढली. म्हणजे दरी रुंदावत असतानाही तळ वर येतो. मग बघायचं कशाकडे, तळाकडे की दरीकडे?

मतं येऊ द्या. शिव्या नकोत.

बोरूबहाद्दर

सहमत. पाचही बोटं सारखी नसतात.

आडवळण

बोरूबहाद्दर, नसतात, कबूल. पण एखादं बोट हातभर वाढलं तर आपण त्याचं कौतुक करत बसत नाही, डॉक्टर गाठतो.

पायवाट, तुम्ही ज्या रेषेवर उभे आहात तीच सरकती आहे. जून २०२५ मध्ये बँकेने ती २.१५ वरून ३ डॉलरवर नेली. कागदावर सुमारे साडेबारा कोटी अतिगरीब वाढले, आणि त्यांतल्या एकाच्याही घरात त्या रात्री काही वेगळं घडलं नाही. यात बँकेची लबाडी नाही. किमतींचे नवे आकडे आले, गरीब देशांनी आपापल्या रेषा सुधारल्या, म्हणून तिलाही सुधारावी लागली. पण 'भागणं' म्हणजे काय हे दगडावर कोरलेलं नसतं, एवढं तरी यातून दिसतं.

आणि हे डाव्यांचं खूळ नव्हे. बाजाराचा आद्य वकील ॲडम स्मिथ १७७६ मध्येच लिहून गेलाय. ग्रीक आणि रोमन लोकांकडे लिननचा सदरा नव्हता, तरी ते मजेत जगले. पण स्मिथच्या काळच्या युरोपात रोजंदारीवरच्या मजुरालाही त्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणून त्याने सदरा गरजेच्या वस्तूंत धरला. आज त्या सदऱ्याच्या जागी फोन आहे. नोकरीचा अर्ज, दवाखान्याची वेळ, मुलांचा अभ्यास, सगळं त्यातून. ज्याच्याकडे तो नाही तो पन्नास वर्षांपूर्वीच्या गरिबापेक्षा बऱ्या घरात राहत असेल, पण आजच्या जगात त्याला दारच सापडत नाही.

पायवाट

सदऱ्याचा मुद्दा आवडला. मग सदरा द्या ना त्याला. दुसऱ्याचा कोट कशाला उतरवता?

हिशेबनीस

कोटाकडे नंतर येतो. आधी सदऱ्याचं भाडं कोण भरतं ते सांगतो.

मी नऊ वर्षं एका कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुलीचे हिशेब बघितले. हप्त्याची तारीख पाच. आमच्या बऱ्याच कर्जदारांचा पगार व्हायचा सात तारखेला. पाचला खात्यात पैसे नाहीत, हप्ता परत. बँक दंड लावणार, आमची कंपनी वेगळा दंड लावणार. सातला पगार जमा झाला की माणूस मुकाट्याने सगळं भरायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एका बाईंच्या खात्यात असे सलग एकतीस महिने दिसले. एकही हप्ता बुडवलेला नाही, प्रत्येक हप्ता दोन दिवस उशिरा. एकतीस महिन्यांच्या दंडाची बेरीज तीन हप्त्यांच्या वर गेली होती.

यावर उपाय होता. तारीख बदलून मागायचा एक पानी अर्ज. मोठं कर्ज घेणाऱ्यासाठी आमचा माणूस तो स्वतः भरायचा, फक्त सही घ्यायचा. लहान कर्जवाल्याला असा अर्ज असतो हेच कुणी सांगत नसे. तसा लेखी आदेश नव्हता, पण वर्षअखेरीच्या बैठकीत दंडाची रक्कम उत्पन्नाच्या बाजूला दिसायची आणि सगळे खूश असायचे.

पायवाट, गरीब असणं महाग पडतं. आणि त्या महागाईवर कुणाचा तरी कोट शिवला जातो.

तिरकस

हिशेबनीस, लिहिलंय छान. पण यात विषमता कुठे आली? ही फसवणूक आहे. नियम करा, तारीख आपोआप पगाराशी जुळवा, विषय संपला. जगातले सगळे अब्जाधीश उद्या चंद्रावर गेले तरी पाच आणि सातचा घोळ इथेच राहणार.

दुसरं, स्वीडन बघा. २००४ मध्ये वारसा कर काढला, २००७ मध्ये संपत्ती कर काढला. संपत्ती तिथे मोजक्या घराण्यांत बऱ्यापैकी एकवटलेली आहे, तरी तिथला गरीब जगातल्या बहुतेक मध्यमवर्गापेक्षा सुखात आहे. आपल्याकडे 'समता' म्हणून जे खपतं त्यातलं निम्मं निव्वळ पोटदुखी असते. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

हिशेबनीस

राग नाही. पण स्वीडन अर्धाच सांगितलात. तिथे सरकार देशाच्या उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक कर गोळा करतं, आणि शिक्षण-आरोग्याचा बहुतेक भार त्यातून उचलतं. तुमच्या त्या सुखी गरिबाचा सदरा त्या करातून आलाय.

राहिलं 'नियम करा'. करूया. कोण करणार? आमच्या कंपनीचे दोन लोक नियम ठरवणाऱ्या समितीच्या बैठकांना जायचे, मसुदा आधीच वाचून, दुरुस्त्या तयार ठेवून. त्या एकतीस महिनेवाल्या बाईंच्या वतीने तिथे कुणी नव्हतं. विषमता आली ती इथे. चार विमानांचं मला काही नाही. त्या विमानातून कुठल्या बैठकीला जातात ते बघा.

बोरूबहाद्दर

बोटांवरून मला हाणलं, पण हा मुद्दा पटला.

आकडेमोड

दोन्ही बाजूंच्या आवेशावर थोडं पाणी टाकतो. 'जागतिक विषमता अहवाल २०२२' म्हणतो, वरच्या दहा टक्क्यांकडे ७६ टक्के संपत्ती, खालच्या अर्ध्या जगाकडे २ टक्के. आकडा भयंकर आहे आणि तो फेकला जातोही भरपूर. पण संपत्तीतून कर्ज वजा होतं. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेला नवा डॉक्टर त्या हिशेबात अंगावरच्या कपड्यांनिशी फिरणाऱ्या माणसापेक्षा गरीब ठरतो. उत्पन्नाचा आकडा जास्त बोलका: वरच्या दहा टक्क्यांना ५२, खालच्या निम्म्यांना साडेआठ.

नवखी

पहिल्यांदाच लिहितेय. पायवाट, तुम्ही 'सगळ्यांचं भागत असताना' म्हणालात. आमच्या तिघींचंही भागत होतं.

माझ्या क्षेत्रात शिरायचं तर आधी सहा महिने बिनपगारी उमेदवारी. निवड तिघींची झाली. त्यातली एक तिसऱ्या आठवड्यात सोडून गेली. मला आजही जमत नाही इतकं नीटस काम होतं तिचं. तिच्या घरी उपासमार नव्हती, पण सहा महिने काही न कमावणारी मुलगी त्यांना परवडणारी नव्हती. माझं घरभाडं बाबा भरत होते. आता माझ्या ओळखपत्रावर पदनाम आहे आणि लोक मला मेहनती म्हणतात. मेहनत केलीच मी, खोटं नाही. पण ती सहा महिने लांबवायला मला जागा होती.

२०१२ मध्ये ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञाने एका भाषणात आलेख दाखवला होता. ज्या देशांत उत्पन्नातली दरी मोठी, तिथे बापाच्या कमाईवरून मुलाच्या कमाईचा अंदाज बांधणं सोपं. तो आलेख बघताना मला तिचं टेबल आठवलं.

आकडेमोड

नवखी, त्या आलेखावर मोजके देश होते. दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं नाही. तुमचा अनुभव खरा आहे, पुरावा म्हणून मात्र तोकडा.

नवखी

पुरावा म्हणून नाही दिला. मी का गप्प बसू शकत नाही ते सांगितलं.

पायवाट

उत्तर द्यायला दोन दिवस लागले. तळ आधी, हे माझं म्हणणं मी सोडत नाही. ज्याच्या घरी आज औषध नाही त्याला दरीची रुंदी सांगून काय उपयोग? पण 'माझं काय गेलं' हे वाक्य मागे घेतो. नवखींच्या त्या मैत्रिणीचं काय गेलं ते दिसतंय.

तिरकस, करावर वेगळा धागा काढा, तिथे तुमच्या बाजूने भांडेन.

हिशेबनीस, एक राहिलं. तो तारीख बदलायचा अर्ज अजून आहे का त्या कंपनीत?

हिशेबनीस

आहे. जुन्या सहकाऱ्याला विचारलं. आता ॲपमध्ये आलाय, 'इतर सेवा'च्या आत 'संकीर्ण'मध्ये, सगळ्यात खाली.