गल्लीतलं घर विकायचं की राखायचं?

चव्हाट गल्लीकर:
बेळगावात खडे बाजार, गणपत गल्लीच्या आसपास जुनं घर विकलं की ठरलेलं: खाली दुकान, वर गोडाऊन. मालक अनगोळला नाहीतर हिंदवाडीत फ्लॅटमध्ये. माझं म्हणणं एवढंच, खाली दुकान काढा, पण वरचा मजला राहता ठेवा. रात्री शटर पडलं की गल्लीत माणूस कोण उरतो? झेंडा चौकात १९०५ साली लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला. तो आजवर चालला, कारण मांडवात रात्र काढणारी माणसं हाकेच्या अंतरावर राहत होती. वर्गणी काय, दुकानदारही देतो.

टिळकवाडी:
आमचं घर भांदूर गल्लीत. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसात आड. दोन्ही बाजूंना सामाईक भिंत, मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्यात वाटण्या झाल्या, एकेकाच्या वाट्याला बोळाएवढा पट्टा. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ॲम्ब्युलन्स तोंडाशीच अडकली, दोन्हीकडे दुचाक्या. खुर्चीत बसवून त्यांना बाहेर काढलं. गणपतीसाठी मी त्यांना परत तिथं ठेवू?

चव्हाट गल्लीकर:
खुर्ची उचलली कुणी, तेही लिहा की.

टिळकवाडी:
गल्लीतल्याच पोरांनी. उपकार विसरलेलो नाही. पण उचलायची पाळीच का यावी?

सीमावासी:
खरा मुद्दा कुणी काढत नाही. बेळगाव महाराष्ट्राऐवजी कर्नाटकात घातलं म्हणून १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या निषेध फेरीत पुढं चालायचं आणि घर मात्र जास्त बोली लावेल त्याला द्यायचं. गल्ल्यांतून मराठी माणूस उठला तर १९५६ पासून आपण भांडतोय ते कशासाठी?

शहापूरची लेक:
दादा, विकणारे आपणच, मग राग कुणावर? माझ्या सासरी भिंतीपलीकडे कन्नड घर आहे. सासूबाईंच्या ऑपरेशनवेळी पहिला डबा त्यांचाच आला, भाकरी आणि एण्णेगायी, म्हणजे भरली वांगी.

आणि गल्लीची माया पुरुषांना कट्ट्यावरून दिसते तेवढीच नसते. सून किती वाजता आली, कुणाच्या गाडीवरून उतरली, याचा हिशेब तोच कट्टा ठेवतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात लेकीचाही मुलाएवढाच वाटा आहे, पण आमच्या पंचांच्या बैठकीत एकही बाई नाही. घर राखा म्हणून सांगायचं असेल तर आधी आम्हाला बैठकीला बसवा.

चव्हाट गल्लीकर:
ताई, बरोबर आहे तुमचं. आमच्या पंचांपुढे मी हे मांडतो. दुचाक्या एकाच बाजूला लावायच्या आणि सणातही एक गाडी जाईल एवढी वाट मांडवाशेजारी सोडायची, हेही त्याच बैठकीत ठरवू.

सीमावासी:
पार्किंगनं मराठी टिकत नाही.

शहापूरची लेक:
राहती घरंच नसली तर कशानं टिकणार, ते सांगा.

टिळकवाडी:
वडील परत येणार नाहीत, जिना त्यांना झेपत नाही. माझंही मन आता तिथं लागत नाही. पण वरच्या खोल्या गोडाऊनला द्यायची बोलणी चालली होती, ती थांबवतो. शिकायला आलेल्या मुलींना भाड्यानं देईन. रात्री उशिरा आल्या म्हणून कट्ट्यावरून कुणी काही बोलणार नाही, हे आमच्या पंचांकडून आधी वदवून घेतो.