आरोग्य-अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण : थेट यॉर्क की आधी इथेच?

प्रश्न

नमस्कार. मी अर्थशास्त्रात एम.ए. केले असून गेली तीन वर्षे सांगली जिल्ह्यातील एका रुग्णालयात शासकीय आरोग्य योजनेच्या मदतकक्षात काम करते. कागदपत्रे तपासणे, पूर्वमंजुरीसाठी प्रकरण पाठवणे आणि नातेवाइकांना सगळे समजावून सांगणे हे माझे रोजचे काम आहे. मागच्या गळीत हंगामात एका ऊसतोड कामगाराची हृदयशस्त्रक्रिया आमच्याकडे पूर्णपणे मोफत झाली. त्याला रुग्णालयातून घरी सोडले त्या दिवशी त्याच्या पत्नीने एक वही माझ्यासमोर ठेवली. दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या, एसटीचे भाडे आणि सोबतच्या माणसांचे जेवण असे सगळे त्यात मुलीच्या अक्षरात लिहिलेले होते, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘उचल बाकी’ असे होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दोघांपैकी एक आडवा झाला की अख्खा कोयता थांबतो आणि मुकादमाकडून मजुरीपोटी आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहते. आमच्या संगणकावर त्या प्रकरणापुढे रुग्णाचा खर्च शून्य दिसत होता.

ही वही कोणत्या हिशेबात धरायची, हे शिकण्यासाठी मला आरोग्य-अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाचे नाव सगळेच घेतात. थेट तिकडे जावे की आधी भारतात काही करावे? अर्थमितीचा, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या सांख्यिकी विश्लेषणाचा, एकच पेपर मी शिकले आहे, तोही पाठ करून.

उत्तर १

मी यॉर्कमध्ये एम.एस्सी. केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते सांगतो. तिथले आरोग्य-अर्थशास्त्र केंद्र १९८३ सालचे आहे आणि या विषयाची परंपरा त्याहून जुनी आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात अर्थमिती आणि आर्थिक मूल्यमापन (उपचाराचा खर्च आणि फायदा यांची तुलना) हे दोन विषय माणसाचा घाम काढतात. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचा १९६३ चा निबंध सुरुवातीलाच वाचावा लागतो. आजार कधी येईल हे ठाऊक नसणे आणि उपचाराविषयी डॉक्टरला रुग्णापेक्षा कितीतरी अधिक कळणे, या दोन गोष्टींमुळे आरोग्यसेवेचा बाजार भाजीबाजारासारखा का चालत नाही, हे त्यात मांडलेले आहे. उन्हाळ्यात एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून त्यावर प्रबंध लिहिण्याची सोय मला सर्वांत उपयोगी पडली.

मात्र तुमच्या वहीबाबत एक गोष्ट आधीच जाणून घ्या. ब्रिटनमध्ये कोणते उपचार सरकारी खर्चाने द्यावेत याची शिफारस नाइस ही १९९९ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. पूर्ण निरोगी अवस्थेतील एका वर्षाच्या तोडीचे आयुष्य मिळवून देण्यासाठी २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा जादा खर्च तिने कित्येक वर्षे रास्त मानला. हा हिशेब आरोग्यसेवा आणि सामाजिक काळजी-सेवा यांच्या तिजोरीच्या बाजूने मांडला जातो, त्यामुळे रुग्णाची बुडालेली मजुरी त्याच्या मूळ चौकटीत बसत नाही. नेदरलँड्समध्ये याउलट संपूर्ण समाजाच्या बाजूने हिशेब मांडण्याचा दंडक आहे, आणि बुडालेले काम मोजण्याची एक पद्धत रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठातील अभ्यासकांनीच घडवली. त्या पद्धतीत आजारी माणसाच्या जागी दुसरा माणूस मिळेपर्यंतचेच नुकसान धरतात. कोयत्याला हे लागू होणार नाही, कारण कारखान्याला दुसरी टोळी मिळते, पण उचल मात्र त्याच घराच्या डोक्यावर राहते. म्हणून यॉर्कसोबत रॉटरडॅमचाही विचार करा, असे मी सुचवेन.

उत्तर २

मी उपचारांच्या खर्च-मोजणीचे काम करते. विद्यापीठ निवडण्याआधी हे काम कसे असते ते पाहा. एका शस्त्रक्रियेचा खर्च काढायचा म्हणजे शस्त्रक्रियागृहाच्या दारात वही घेऊन उभे राहायचे, भूलतज्ज्ञ किती मिनिटे आत होते, परिचारिका किती मिनिटे, हे टिपायचे. मग पगाराचा तेवढा हिस्सा काढायचा, यंत्राची किंमत त्याच्या आयुष्याच्या वर्षांत वाटायची आणि वीजबिल खोलीच्या चौरस फुटांप्रमाणे विभागायचे. हे काम कंटाळवाणे वाटत असेल तर हा विषय तुमचा नव्हे. तुमचा प्रश्न वाचून मात्र तो तुमचाच आहे असे मला वाटते.

भारतात आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजे औषधे, उपकरणे आणि उपचार खर्चाच्या मानाने किती उपयोगी आहेत हे तपासण्याची, यंत्रणा उभारली आणि तेव्हापासून अशा अभ्यासकांची गरज वाढली आहे. इथल्या अभ्यासांत रुग्णाच्या खिशातून गेलेला पैसा सहसा वेगळा दाखवला जातो, आणि ते योग्यच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, देशाच्या एकूण आरोग्यखर्चात या पैशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. पण त्या वहीतली शेवटची ओळ या आकड्यात येत नाही, कारण बुडालेली मजुरी आरोग्यखर्च म्हणून नोंदलीच जात नाही.

अर्थमितीची भीती घालवण्यासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीची कुटुंबनिहाय माहिती विनामूल्य उतरवून घ्या. रुग्णालयात दाखल झालेल्यांचा प्रवासखर्च आणि तो पैसा बचतीतून, कर्जातून की मालमत्ता विकून उभा केला, हे त्यात आहे. आकडेवारीसाठीच्या ‘आर’ (R) या मोफत संगणक-प्रणालीत त्याची साधी कोष्टके करायला लागा. पाठ केलेली सूत्रे तिथे हळूहळू अर्थ धरू लागतात.

उत्तर ३

वरच्या दोघांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु कर्ज काढून लगेच परदेशी जाण्याच्या मी विरोधात आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्राचा पाया पक्का होतो, आणि मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत मोठ्या सर्वेक्षणांवर हात बसतो. ब्रिटनमध्ये शिकण्यासाठी तिथले सरकार देते त्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो आपल्याकडे आहे. अर्जात आपल्या ध्येयांविषयी परिच्छेद लिहीत बसू नका, ती वहीच लिहा.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. हिशेब कोणाच्या बाजूने मांडायचा, हाच माझा प्रश्न होता, हे आज मला नीट कळले. सर्वेक्षणाची माहिती काल रात्री उतरवून घेतली आहे. त्या ताईंना फोन करून वहीतील नोंदी नाव न लिहिता वापरू का, असे विचारले, तेव्हा त्यांनी होकार दिला आणि उचलीची रक्कम आता किती झाली तेही सांगितले. प्रवासखर्चाचे कोष्टक करताना अडले तर इथेच विचारीन.