माजी सैनिकाचे थकलेले भाडे चर्चने भरावे की सरकारने?

धागालेखक
अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडलेल्या माणसावर घर सोडण्याची वेळ येते हे आपल्याकडे चटकन पटत नाही, कारण सैनिक म्हटला की निवृत्तिवेतन असणारच असे आपण धरून चालतो. तिथे ते साधारणपणे 20 वर्षांच्या सेवेनंतर मिळते. चार-सहा वर्षांत बाहेर पडणाऱ्यांना नवी नोकरी शोधूनच भाडे भरावे लागते. जानेवारी 2024 मधील एका रात्रीच्या गणनेत 32,882 माजी सैनिक बेघर आढळले. हा आकडा 2010 च्या निम्म्याहूनही कमी आहे आणि त्याचे श्रेय सरकारी पैशाला आहेच, पण तो पैसा दारापर्यंत नेणाऱ्यांत कॅथलिक चॅरिटीज आणि साल्व्हेशन आर्मी (आपली मुक्तिफौज) यांसारख्या धर्मसंस्थाही आहेत. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे स्वयंसेवक तर जोडीने घरी जाऊन परिस्थिती पाहतात. भाडे थकल्याचे कार्यालयाच्या आधी शेजाऱ्याला कळते, म्हणून हे काम धर्मसंस्थांकडेच राहावे असे माझे मत आहे.

कोरडवाहू
पूर्णतः असहमत. ज्याने देशासाठी बंदूक उचलली त्याला घर मिळणे हा हक्क आहे, आणि तो हक्क दानपेटीतून आला की त्याचा उपकार होतो. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला मदतीच्या बदल्यात प्रार्थनेची सक्ती करता येत नाही, हे मान्य. परंतु घर रिकामे करण्याची नोटीस हातात असलेल्या माणसाला कोणी प्रेमाने ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असे विचारले, तर तो ज्यू असो, हिंदू असो की नास्तिक, नकार कसा देणार? शिवाय धर्मादाय संस्था बहुधा एखाद्या महिन्याची थकबाकी भरते. याउलट माजी सैनिकांसाठीच्या सरकारी भाडे-व्हाउचरमध्ये भाडेकरूने उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के द्यायचे आणि उरलेल्या भाड्याचा मोठा भार सरकारने दरमहा उचलायचा, अशी व्यवस्था असते.

धागालेखक
व्हाउचर उत्तमच, पण ते हाती येऊन घर मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात, आणि अनेक राज्यांत घरमालक ते नाकारूही शकतो. ओहायोत भाडे थकले की तीन दिवसांच्या नोटिशीनंतर घरमालक न्यायालयात जाऊ शकतो. त्या तीन दिवसांत घरमालकाच्या नावाने धनादेश कोण देणार? आणि एकदा निष्कासनाचा दावा नावावर लागला की पुढचे घर भाड्याने मिळणेही कठीण होते. प्रार्थनेचा संकोच मी समजू शकतो, मात्र तो रस्त्यावर येण्याइतका जड नाही.

वाचक
थोडे अवांतर: 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होणार आहेत आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही. त्यांना एकरकमी सेवानिधी मिळेल. तरीही ‘सैनिक म्हणजे निवृत्तिवेतन’ हे आपले गृहीतकही फार काळ टिकणार नाही.

कोरडवाहू
वेगाचा मुद्दा मान्य. पण मग तोच तातडीचा धनादेश काढण्याचा अधिकार माजी सैनिक विभागाच्या स्थानिक कार्यालयाला द्या. संकोच किती जड आहे हे मदत घेणाऱ्याने ठरवायचे असते, आपण नव्हे.